सातच्या आत पडदा वर

ट्वायलाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि रश्श्याच्या भांड्याशेजारी ठेवला, तेव्हाच लोरेटाच्या मनात पाल चुकचुकली. बत्तीस वर्षांत ही नणंद डेन्व्हरहून रिकाम्या हाताने कधी आली नव्हती, हे खरं. पण तिने आणलेली वस्तू साधीही कधी नसायची. मागच्या वेळी तिने आईसाठी बटण दाबलं की माणसाला उठवून उभं करणारी खुर्ची पाठवली होती. त्या खुर्चीवर आता मांजर झोपत होतं, आणि म्हातारी लाकडाच्या खुर्चीतच बसत होती.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे सासूच्या, म्हणजे अल्बीनाच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. भाजलेलं डुकराचं मांस, पिठाचे उकडलेले गोळे, आंबट कोबी. सगळा स्वयंपाक लोरेटाने केला होता, कारण सासूचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. ताटातले तुकडेही लोरेटानेच कापून दिले होते. ट्वायला गुरुवारी आली तेव्हापासून तिने आईच्या घरातल्या खोल्यांचे फोटो काढले होते, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या आणि फ्रिजमधल्या दह्यावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवली होती. स्वतःचं ताट मात्र एकदाही धुतलं नव्हतं.

"हे काय आणि?" लोरेटाच्या नवऱ्याने, मिलोने विचारलं. त्याच्या तोंडात अर्धा गोळा होता.

"जगायला कुठलं गाव कसं, त्याचे गुण देतात. दवाखाना, दुकानं, शाळा, हवा, करमणूक, शेजार. सगळं धरून शंभरपैकी."

"आणि आपल्या डोब्रीला किती?"

"एकेचाळीस."

"पास की मग! मी शाळेत याहून कमीवर वर्ग काढलेत."

"माझ्या भागाला अठ्ठ्याऐंशी आहेत," ट्वायला म्हणाली. "हसण्यावारी नको नेऊस, मिलो. दवाखान्याला इथे शून्य आहे. सर्वात जवळचा अडतीस मैलांवर. किराण्याचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. शाळा शेजारच्या गावात गेली."

"हवेला किती दिले?" म्हातारीने विचारलं. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तिला ऐकू कमी येत होतं, पण स्वतःबद्दल चाललेलं सगळं बरोबर ऐकू येत होतं.

"हवेला ब्याण्णव."

"म्हणजे गावातल्या क्लेचकाच्या डुकरांकडून वारा असतो त्या दिवशी नाही मोजली," अल्बीना म्हणाली आणि कोबी घेतला.

मिलो हसला. लोरेटालाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. नणंदेने कागद आणलाय तो गुण वाचून दाखवायला नव्हे, हे तिला पक्कं माहीत होतं. काल पलंगाची चादर बदलताना ट्वायलाची बॅग सरकवावी लागली होती. सरकवताना ती उघडी दिसली, आणि उघडी दिसल्यावर लोरेटाने आत पाहिलं. हे चांगल्या बाईचं लक्षण नव्हे, हे तिला मान्य होतं. आत डेन्व्हरच्या एका वृद्धनिवासाची रंगीत पुस्तिका होती आणि पुस्तिकेत एक पत्र. खोली क्रमांक दोनशे चौदा, एक डिसेंबरपासून. नाव अल्बीना व्होंड्रा.

डिसेंबरला अडीच आठवडे उरले होते आणि म्हातारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मिलोला माहीत होतं का? हा प्रश्न काल दुपारपासून लोरेटाच्या डोक्यात होता. बत्तीस वर्षांचा नवरा, पण बहिणीशी फोनवर बोलायला तो हल्ली धान्याच्या कोठाराकडे जायचा. लोरेटाची स्वतःची आई ओमाहात अशाच एका खोलीत वारली होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. शेवटच्या वर्षी ती त्यातली प्रत्येक गाडी आपल्याला घ्यायला आलीय असं समजायची. सासूला तसं बसलेलं पाहणं लोरेटाला शक्यच नव्हतं. शिवाय ओमाहातून आईच्या वस्तूंची पेटी घेऊन ती परतली, तेव्हा दारात काही न बोलता तिला जवळ घेणारी ही सासूच होती.

"आता शेजार," ट्वायलाने कागदावर बोट ठेवलं. "शेजाराला यांनी पंच्याहत्तर दिलेत. मला तेच कळत नाही. डोब्रीत माणूस एकटा पडत नाही, असं तुम्ही सगळे लहानपणापासून सांगत आलात. मग माझी आई तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघराच्या फरशीवर नऊ तास कशी पडून राहिली?"

मिलोने काटा खाली ठेवला.

"पडद्याचं काय झालं होतं?" ट्वायलाने विचारलं.

डोब्रीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा एक रिवाज होता, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. रात्री निजताना स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा खाली ओढायचा. सकाळी सातच्या आत तो वर सोडायचा. समोरच्या घराने बघायचं. सात वाजून गेले आणि पडदा खालीच असला तर समोरच्याने निघायचं, मग अंगावर काय आहे ते बघत बसायचं नाही. अल्बीनाचा पडदा हिरवा होता आणि समोरचं घर व्हर्ना कुचेराचं होतं.

"मी व्हर्नाला कॉफीला बोलावलंय," ट्वायला म्हणाली. "येईलच ती."

"कॉफीला की कोर्टात?" लोरेटाच्या तोंडून निघून गेलं.

"तुला कशाची भीती आहे, लोरेटा?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं लोरेटाचं झालं होतं. तिने उठून ताटं गोळा केली.

व्हर्ना मागच्या दाराने आली. हातात काचेचं भांडं. भांड्याच्या तळाला पट्टी होती आणि पट्टीवर अल्बीनाचं नाव. भांडं अल्बीनाचं, आतली सफरचंदाची खीर व्हर्नाची. डोब्रीत शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नसे. पण हे भांडं उन्हाळ्यापासून व्हर्नाकडे पडून होतं, ते नेमकं आजच कसं आठवलं, असा विचार लोरेटाने केला. व्हर्नाबद्दल चांगला विचार करायची तिला सवय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी लोरेटाचे पिठाचे गोळे पुड्यातले असतात, ही बातमी गावभर नेणारी हीच बाई. बातमी खरी होती, म्हणून राग जास्त होता.

"अगं अल्बीना, तुझा रंग बरा दिसतोय," व्हर्ना म्हणाली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. "ट्वायला, तू बारीक झालीस. तिकडे खायला देत नाहीत वाटतं?"

"व्हर्नाकाकू, सरळ विचारते. त्या दिवशी तुम्ही पडदा बघितलात का?"

"बघितला. रोज बघते. एकोणीस वर्षं बघतेय."

"आणि?"

"वर होता."

"किती वाजता?"

"साडेसहाला मी उठले. तेव्हा वरच होता."

ट्वायलाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ती डेन्व्हरला विम्याच्या कंपनीत दावे तपासायची, आणि तिथे बोलतात तसा सावकाश आवाज तिने आता काढला. "आई सांगते, ती सात वाजता उठली आणि झग्यावरच न्हाणीघरात गेली. तिथे पडली. स्वयंपाकघरात ती गेलीच नाही. मग साडेसहाला पडदा वर कुणी केला?"

"भुताने," मिलो म्हणाला. ट्वायला बोटांवर मोजू लागली.

"घराच्या किल्ल्या तीन. एक आईकडे, एक माझ्याकडे डेन्व्हरला. तिसरी लोरेटाकडे. लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते ती रोज साडेसहाला इथूनच."

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?" लोरेटाचा आवाज चढला.

"मी काहीच म्हणत नाही. तू आत आलीस, पडदा वर केलास, आई झोपलीय असं समजून निघून गेलीस. व्हर्नाकाकूंना वाटलं सगळं ठीक आहे. चूक होते माणसाकडून."

"मी आत आलेच नव्हते!"

"मग वर्षभरापूर्वी तुझ्या लेकरासाठी, केसीसाठी हे घर मागत होतीस, ते?"

"मागत नव्हते! आईच म्हणाल्या होत्या, नंतर केसीला होईल म्हणून!"

"अगं हो, मीच म्हणाले होते," अल्बीना म्हणाली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोरेटा नवऱ्याकडे बघत होती. तो एक शब्द बोलेल, 'माझी बायको असं करणार नाही' एवढं तरी म्हणेल, याची ती वाट पाहत होती. मिलो मेणकापडावरचा रश्श्याचा डाग बोटाने पुसत होता. कोठाराकडचे फोन कशाबद्दल होते ते लोरेटाला त्या क्षणी कळलं, आणि तिला इतका संताप आला की भीती उरलीच नाही.

"आत आले नव्हते," ती म्हणाली, "पण पाहिलं होतं. त्या दिवशी पाहिलं, त्याच्या आदल्या दिवशी पाहिलं, महिनाभर रोज पाहत होते. साडेसहाला अंधार असतो. पडदा वर, आणि आत दिवा नाही. रोज. मला वाटलं, म्हातारी वीज वाचवते, अंधारात बसून जपमाळ ओढते. गाडी थांबवून बघायला हवं होतं. नाही थांबवली. पावाचं पीठ मळायला उशीर होईल म्हणून नाही थांबवली. घे, लिही तुझ्या कागदावर."

"तुला माहीत होतं, आणि तू तीन आठवडे गप्प बसलीस?"

"बसले."

ट्वायला भावाकडे वळली. "ऐकलंस?"

तेव्हा व्हर्ना खोकली. खिरीचं भांडं तिने उगाच इंचभर पुढे सरकवलं. "एकटीच्या माथी नको मारूस, ट्वायला. दिवा नसायचा ते मीही पाहत होते. माझी तर खिडकी समोर. पडदा वर म्हणजे झालं, असं मानलं. पडदाच बघायचा असतो ना. दिवा बघायचा असं कुणी सांगितलं नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी मी दहा वाजता तुझ्या आईचा ओटा झाडला. पानं पडली होती. ती आत पडली होती आणि मी बाहेर पानं झाडत होते."

"मला झाडू ऐकू येत होता," अल्बीना म्हणाली.

व्हर्ना तिच्याकडे वळली.

"बाराचा भोंगाही ऐकला. टपालाची गाडी ऐकली. हाक मारत होते, पण न्हाणीघराला खिडकी नाही." म्हातारीने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "पडदा कुणी वर केला म्हणून भांडताय ना? कुणी नाही केला. मी तो खाली ओढायचंच सोडलं होतं. ऑगस्टपासून."

"का, आई?" मिलोने विचारलं. जेवणानंतरचं त्याचं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"झोप लागली म्हणून. ऑगस्टात एकदा मला लागली झोप. चांगली, तरुणपणीसारखी. डोळे उघडले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्या पलंगाभोवती व्हर्ना, फादर आणि दोघे बंबवाले उभे. त्यातला एक माझ्या छातीला हात लावणार होता. अंगावर फाटका झगा, कवळी पेल्यात. फादरनी कवळीकडे पाहिलं, मी पाहिलं त्यांना पाहताना." तिने प्लास्टरवरून हात फिरवला. "मग म्हटलं, पडदा वरच राहू दे. कुणाला काळजी नको आणि मला ताप नको. ब्याऐंशी वर्षांची झाले, स्वतःच्या घरात आठपर्यंत झोपायची मुभा नाही? मला काय ठाऊक होतं, ज्या दिवशी पडेन त्या दिवशी तो पडदा खोटं सांगेल."

व्हर्नाने रुमाल काढला. लोरेटाला रडू येत नव्हतं. छातीवरचा दगड उतरला होता आणि त्या जागी नुसतं दुखत होतं.

ट्वायलाने मात्र कागदाची घडी घातली. तिचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तीही रात्री त्या फरशीचं स्वप्न पडून उठत होती, हे तिने पहिल्या दिवशी लोरेटाला सांगितलं होतं. "म्हणजे झालंच की," ती म्हणाली. "इथली सोय ही अशी आहे. तिच्यात माणसाला झोप लागली तर लाज, आणि पडला तर मरण. आई, डेन्व्हरला मी तुझ्यासाठी एक खोली बघितलीय. दोरी ओढली की नर्स येते. माझ्या घरापासून वीस मिनिटं."

"बघितलीय की घेतलीय?" लोरेटाने विचारलं. "दोनशे चौदा नंबर, एक डिसेंबर."

ट्वायलाचा चेहरा लाल झाला. "माझी बॅग उघडलीस?"

"उघडी होती."

"मिलो, तुला माहीत होतं?" अल्बीनाने विचारलं.

मिलोने डाग पुसणं थांबवलं. "आई, ती म्हणते त्यात चूक काय आहे? मला रोज सकाळी भीती वाटते. फोन वाजला की आधी तुझंच नाव मनात येतं."

म्हातारी बराच वेळ लेकाकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता. आपण याला नीट ओळखतो की नाही, एवढंच ती तपासत होती. मग तिने उजवा हात पुढे केला. "तो कागद दे इकडे, ट्वायला. पेन्सिलही दे. उद्या सांगते काय ते. आता खीर वाढा, व्हर्ना घाम गाळून घेऊन आलीय."

खीर कुणीच धड खाल्ली नाही.

सोमवारी लोरेटा रोजच्यासारखी निघाली. मिलोशी ती आदल्या दुपारपासून बोलली नव्हती. शेतातून गावात शिरून गाडी अल्बीनाच्या रस्त्याला लागली तेव्हा साडेसहा वाजत होते. तिने मान वळवली. हिरवा पडदा खाली होता.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. म्हातारीने ऐकलं म्हणायचं. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. काल आपण सगळे मिळून जे बोललो, ते ब्याऐंशी वर्षांच्या काळजाला झेपलं असेल का? तिने गाडी कडेला घेतली, शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं, आणि आरशातून खिडकी बघत बसली. घरात ट्वायला आहे, काही झालं तर ती उठेलच, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण ट्वायलावर तिचा भरवसा नव्हता, आणि खरं तर स्वतःवरही उरला नव्हता.

पावणेसात झाले. पूर्वेला फटफटलं. सात झाले. पडदा खालीच.

लोरेटाने गाडीचं दार उघडलं त्याच वेळी समोरच्या घराचंही दार उघडलं. व्हर्ना दिवंगत नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, झग्यावर कोट अडकवून रस्ता ओलांडत होती. इतक्या वर्षांत लोरेटाने तिला पळताना पाहिलं नव्हतं. दोघी मागच्या पायरीवर एकदमच पोचल्या. किल्ली कुलपात जाईना.

"आण इकडे," व्हर्ना म्हणाली.

"राहू द्या, मी करते!"

"उलटी धरलीयस, दे!"

दोघींनी मिळून किल्ली फिरवली आणि दोघी एकदमच आत घुसल्या.

अल्बीना टेबलाशी बसली होती. केस विंचरलेले, कवळी तोंडात, अंगावर रविवारचा निळा पोशाख, प्लास्टरच्या हातावर शाल. समोर चावीचं जुनं घड्याळ आणि ट्वायलाचा कागद. पेन्सिल तिच्या बोटांत तयार होती.

"सात वाजून तीन मिनिटं," ती म्हणाली आणि लिहू लागली.

"आई!" लोरेटा किंचाळली. "जीव गेला असता ना आमचा!"

"तुमचा गेला नाही, माझाही गेला नाही. बसा." तिने कागद वळवून दाखवला. शेजार या ओळीतला पंच्याहत्तरचा आकडा तिने खोडला होता आणि पुढे तीन लिहिला होता.

व्हर्नाने चष्मा नाकावर चढवला. "शंभरपैकी तीन? अगं अल्बीना!"

"मिनिटं, व्हर्ना. यांच्या कागदात मिनिटांचा रकाना नाही, म्हणून इथे लिहिली." म्हातारीचा आवाज जरासा हलला. "रात्रभर विचार केला. माझ्या झोपेची लाज मोठी, की ती फरशी मोठी? पडदा खाली ओढला आणि म्हटलं, आता बघू कोण येतंय. कालच्या बोलण्यानंतर कुणी येईल याची मला खात्री नव्हती. खरं सांगते, नव्हती."

लोरेटाला आता रडू आलं. ती सासूच्या खुर्चीमागे गेली आणि तिच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. व्हर्ना बुटांसकट खाली बसली आणि श्वास घेऊ लागली.

"आणि फादर?" लोरेटाने डोळे पुसत विचारलं. "ते आले तर चालतील?"

"येऊ देत. कवळी झाकून ठेवीन. आता आधी तो पडदा वर कर बघू, नाहीतर अख्खं गाव गोळा होईल."

लोरेटाने दोरी ओढून सोडली. पडदा सर्रकन वर गुंडाळला गेला. बाहेर क्लेचका रस्त्याच्या मधोमध पोचला होता, पायात दोन वेगवेगळे जोडे, हातात कुलूप फोडायची पहार. त्याच्यामागे बंबवाल्यांपैकी एक. खिडकीत लोरेटा दिसताच दोघे थांबले, हात वर केला आणि काही न विचारता मागे फिरले.

वरच्या मजल्यावर सगळं शांत होतं. एवढी दारं वाजली, एवढी आरडाओरड झाली, पण जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. लोरेटाने छताकडे पाहिलं. "ट्वायलाला उठवते," ती म्हणाली. "तिला हे सांगायलाच हवं."

"नको," अल्बीना म्हणाली. ती कागदावर शेजार या ओळीखाली नवी ओळ आखत होती. "तिला उठवू नकोस. तिची मिनिटंही लिहायचीत मला."

आणि तिने घड्याळ स्वतःकडे वळवून घेतलं.